आईच्या बदकांची नऊ अंडी

आई गेली तेव्हा तिची बदकं अंडी देत होती. आपल्या घरात माणूस गेलंय हे बदकांना कोण सांगणार? रोज सकाळी खुराड्यात तीन-चार अंडी असायची. सुतकात तेरा दिवस घरात अंडं-मासळी वर्ज्य, त्यामुळे खाणार कोणी नव्हतं आणि भेटायला येणाऱ्याच्या हातात अंडी देणं बरं दिसलं नसतं. बाबा ती उचलून भाताच्या कोंड्यात ठेवत राहिले. शेवटी टोपली भरली.

कुडाळजवळच्या आमच्या गावात आई शेवटची बारा वर्षं एकटीच राहिली. गिरणी बंद पडली तेव्हा गावच्या घराला कोणीतरी हवं म्हणून ती गेली. बाबांचं तिथे मन रमेना, म्हणून ते इकडे घोडपदेवच्या खोलीत माझ्याबरोबर राहिले. गिरणगावात असे संसार घरोघर होते, फरक एवढाच की आमच्याकडे तो गिरणी संपल्यावर सुरू झाला. मी लग्न केलं नाही. का केलं नाही ते इथे महत्त्वाचं नाही. महापालिकेच्या शाळेत शिकवते, आणि घरातही शिकवते असं बाबा म्हणायचे.

तेराव्यानंतर बदकं शेजाऱ्यांना दिली. निघताना बाबांनी टोपलीतली शेवटच्या आठवड्यातली नऊ अंडी वेगळी काढली आणि लालबागपर्यंतच्या बसमध्ये ती टोपली मांडीवरून खाली ठेवली नाही. मी दोनदा म्हटलं, सीटखाली ठेवा. तिसऱ्यांदा जरा जोरात म्हटलं. तेव्हा ते म्हणाले, "कोंबडी खुडूक बसली की तिच्याखाली घालीन म्हणायची. बदकीण नाय बसत नीट. राहिलं ते."

घोडपदेवच्या दुसऱ्या मजल्यावर खुडूक कोंबडी कुठून आणायची? मी मोबाइलवर शोधलं आणि अंडी उबवायचं मशीन मागवलं. खरं सांगायचं तर त्यात प्रेमापेक्षा वैताग जास्त होता. नऊ अंडी टोपलीत सडताना बघत बसणारा माणूस मला घरात नको होता. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी खोकं आलं. आत भाताच्या कुकरएवढं पांढरं मशीन, वर पारदर्शक झाकण, समोर दोन आकडे दाखवणारी पट्टी. एक आकडा उष्णतेचा, एक दमटपणाचा. तळाशी पाण्यासाठी खाच होती आणि झाकण न उघडता पाणी घालता यावं म्हणून बाजूला बारीक छिद्र होतं.

त्या वर्षी आमच्याकडे घट नव्हता. घटाच्या कोपऱ्यात आईचं शिलाई मशीन होतं, त्यावर हे मशीन ठेवलं. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला, म्हणजे फिरवलेलं कळतं. आत ठेवताना बाबांचे हात थरथरत नव्हते हे मी मुद्दाम पाहिलं. कारण सांगते.

आई जायच्या आधीच्या महिन्यात बाबांनी दोनदा गॅस उघडा ठेवला होता. एकदा शेजारच्या वहिनींना वास आला म्हणून निभावलं. भाऊ बदलापूरला राहतो, त्याची बायको दिवसभर घरात असते. त्याचं म्हणणं, बाबांना आता एकटं ठेवायचं नाही, मी नेतो. बाबांना जायचं नव्हतं. या चाळीच्या गॅलरीत त्यांची सत्तर वर्षं गेली होती. मला मात्र काय हवं होतं ते मलाच नीट ठाऊक नव्हतं. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता मला गॅसचा वास यायचा.

मी भावाला फोनवर म्हटलं, "दिवाळीपर्यंत थांब. अंडी त्यांच्या ताब्यात दिलीयत. अठ्ठावीस दिवस आहेत. नीट सांभाळली तर इथेच राहू दे. नाही तर भाऊबीजेला ये आणि घेऊन जा."

मी मोरीजवळ उभी राहून बोलत होते आणि बाबा गॅलरीत होते. आमच्या खोलीत एका टोकाला बोललेलं दुसऱ्या टोकाला ऐकू येतं, हे मला पन्नाशीतही कळू नये? त्यांनी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ते दाढी करायला लागले.

मास्तरीण असल्यामुळे मी कागदावर नियम लिहून भिंतीला चिकटवले. सकाळी, दुपारी, संध्याकाळी अंडी फिरवणे. उष्णता साडेसदतीस. पाणी संपू देऊ नये. मशीनबरोबर आलेली पुस्तिका इंग्रजीत होती. दमटपणा पहिले पंचवीस दिवस पन्नास ते पंचावन्न ठेवावा आणि शेवटच्या तीन दिवसांत वाढवावा, असं तिच्यात स्पष्ट छापलेलं होतं. ते मी वाचलं होतं, पण कागदावर उतरवलं नाही. पाणी संपू देऊ नये एवढंच लिहिलं. मुलांच्या वहीत असलं अर्धवट उत्तर दिसलं असतं तर मी लाल रेघ मारली असती.

आता बाबांचं काम काय होतं ते सांगायला हवं. ते विणाईच्या खात्यात होते, पण मागावर नाही. त्या खात्यात भिंतीवर जोडीने थर्मामीटर टांगलेले असत, एक कोरडा आणि एक ओल्या फडक्यात गुंडाळलेला. दर तासाला दोन्ही वाचायचे, वहीत आकडे लिहायचे आणि हवा कोरडी वाटली की पाण्याचे फवारे वाढवायचे, हे त्यांचं काम. हवेत ओल नसली की ताण्याचा धागा ताडकन तुटतो आणि माग बंद पडतो. ऐंशीच्या खाली आकडा आला तर ओरडा खावा लागे. चौतीस वर्षं त्यांनी हेच केलं. लहानपणी ते घरी आले की कपड्यांना दमट वास यायचा. उन्हाळ्यात ते हवेत हात फिरवून "आज बासष्ट असेल" असं म्हणायचे आणि आम्ही भावंडं हसायचो.

पहिल्या आठवड्यात मशीनवरचा आकडा पन्नास-बावन्न होता. एका संध्याकाळी बाबांनी विचारलं, "कमी नाय वाटत गो?"

"मशीनला कळतं," मी म्हटलं. वह्या तपासत होते, मान वर केली नाही.

आठव्या दिवशी अंडी प्रकाशात पाहायची होती. दुपारी खिडक्या लावल्या, पुठ्ठ्याची नळी मोबाइलच्या टॉर्चवर धरली आणि तिच्यावर एकेक अंडं टेकवलं. दोन कोरीच निघाली, आरपार पिवळी. तिसऱ्यात लाल शिरा पसरलेल्या दिसल्या आणि मधे एक काळा ठिपका हलला. बाबा वाकले होते, त्यांचा श्वास माझ्या मनगटाला लागत होता.

"चालू आहे," ते म्हणाले. गिरणीत मशीनबद्दल म्हणतात तसं. सातही अंड्यांना त्यांनी हेच म्हटलं. मग ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. आई गेल्यापासून ते रडले नव्हते, त्या दिवशी रडले. मी मागे गेले नाही. जायला हवं होतं असं आता वाटतं.

त्यानंतर ते बदलले. दुपारी वेळेवर जेवू लागले. मी शाळेतून आले की सांगत, तीन वेळा फिरवली, अमुक वाजता, तमुक वाजता. गॅसची किल्ली बंद केली की मोठ्याने "बंद" म्हणत, एकटे असले तरी, असं शेजारच्या वहिनींनी सांगितलं. त्या हसत हसत सांगत होत्या, पण मला हसू आलं नाही. म्हातारा माणूस माझ्या परीक्षेचा अभ्यास करत होता.

आणि तरीही मी दमले होते. हे लिहायला जड जातंय, पण लिहिते. आईचं आजारपण, गावच्या खेपा, शाळा आणि दिवसभर डोक्यात घर. बाबा दाढी करून खुर्चीत बसलेले दिसले की मला बरं वाटायच्या ऐवजी धास्ती वाटायची. हे पास झाले तर पुढची दहा वर्षं अशीच, असं मन म्हणायचं. ते मी कोणालाच सांगितलं नाही.

अठराव्या दिवशी शाळेत सहामाही परीक्षा चालू होती. दोन पेपरांवर पर्यवेक्षण करून मी घरी आले. चप्पल काढता काढता, आठवडाभरात पहिल्यांदा, नजर मशीनवरच्या पट्टीवर गेली. आकडा एकोणऐंशी होता. क्षणभर वाटलं, ऑक्टोबरची हवा. पण तीच हवा पहिल्या आठवड्यातही होती आणि आता झाकणावर आतून पाण्याचे थेंब साचले होते. शिलाई मशीनच्या ड्रॉवरवर आईची तेल घालायची छोटी पिचकारी होती, पाण्याने भरलेली.

मी खिडकी लावली आणि एक अंडं टॉर्चवर धरलं. अंड्याच्या जाड टोकाला हवेची पोकळी असते. दिवस जातात तसं अंड्यातलं पाणी कवचातून बाहेर जातं आणि पोकळी वाढत जाते, कारण पिल्लाला पहिला श्वास तिथे घ्यायचा असतो. पुस्तिकेत अठराव्या दिवसाचं चित्र होतं. माझ्या हातातल्या अंड्यातली पोकळी त्या चित्राच्या निम्मीही नव्हती. बाहेरच इतकी ओल, तर आतलं पाणी जाणार कुठे?

बाबा बाजूला उभे होते. अंड्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

एक वाक्य पुरलं असतं. बाबा, पाणी कमी करा, पंचावन्नवर ठेवा. अजून दहा दिवस होते, थोडंफार सावरलं असतं. पण दिवसभर मी वर्गात फिरत होते, चुकीची उत्तरं लिहिणाऱ्या मुलांच्या पाठीमागून गप्प जात होते, आणि तोच नियम मी घरी आणला. पर्यवेक्षकाने उत्तर सांगायचं नसतं. हा बहाणा होता हे मला तेव्हाही कळत होतं. अर्ध्या मनाला ते नापास व्हायला हवे होते.

मी अंडं परत ठेवलं, हात धुतले आणि चहा टाकला.

पंचविसाव्या दिवसापासून झाकण उघडायचं नव्हतं. शाळेला दिवाळीची सुट्टी लागली होती. चाळीत कंदील लागले, आमच्या दारावर लागला नाही. सत्ताविसाव्या दिवशी सकाळी बाबांनी मला हाताने हलवून उठवलं. ते मशीनपुढे गुडघ्यावर बसले आणि मला खूण केली. मी कान झाकणाला लावला. आतून आवाज येत होता, अगदी बारीक, थांबून थांबून. कवच न फोडलेलं पिल्लू आतून बोलत होतं.

बाबा दिवसभर तिथून हलले नाहीत. ते त्याच्याशी मालवणीत बोलत होते, आई बदकांशी बोलायची त्या आवाजात. "ये गो बाय, ये भायर." खाली मुलं फटाके लावायला लागली तेव्हा त्यांनी गॅलरीतून हात जोडले आणि मुलं दुसऱ्या चाळीपुढे गेली. संध्याकाळी आवाज विरळ झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नव्हता.

आम्ही आणखी दोन दिवस थांबलो. मला माहीत होतं, तरी थांबलो. पाडव्याच्या दुपारी मी म्हटलं, उघडून बघावं लागेल. ते म्हणाले, "मी पण बसतो." मोरीत परात घेऊन आम्ही समोरासमोर बसलो आणि मी एकेक अंडं फोडलं.

सातही पिल्लं पूर्ण झाली होती. पिवळी लव, चपटी चोच, पायांच्या बोटांमधला पडदासुद्धा. एकाची चोच पातळ पापुद्र्यातून पोकळीत घुसली होती, तेच बोलत असणार. आणि प्रत्येक अंड्यातून पाणी आलं. परातीत साचून मोरीकडे वाहायला लागलं. बाबा पिल्लांकडे बघतच नव्हते, त्या पाण्याकडे बघत होते. चौतीस वर्षं ओल मोजणाऱ्या माणसाला आणखी काय समजावून सांगायचं? त्यांनी तळवा त्या पाण्यात टेकवला आणि बराच वेळ उचलला नाही.

पिल्लं आईच्या एका जुन्या ब्लाउजपीसमध्ये बांधून आम्ही चाळीमागच्या पिंपळाखाली पुरली. खड्डा बाबांनी खणला.

भाऊबीजेला भाऊ आला. त्या वर्षी ओवाळणं नव्हतं, नुसता आला आणि खुर्चीत बसला. मशीनकडे बघून त्याने विचारलं, "काय झालं मग?"

"लाईट गेली होती," मी म्हटलं. "विसाव्या दिवशी, सहा तास. थंड पडली."

हे मी आदल्या रात्रीच ठरवून ठेवलं होतं. मोरीतलं ते पाणी पाहिल्यावर त्यांना नापास करायची माझी इच्छा उरली नव्हती.

"लाईट नाय गेली," बाबा म्हणाले. ते कॉटवर ताठ बसले होते. "पाणी मी जास्ती घातलं. हिने सांगितलं नव्हतं, माझ्या मनाने घातलं. ड्युटी माझी होती."

भावाने माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी बोलायला हवं होतं की मी पाहिलं होतं, मला माहीत होतं. बाबा उठले. मशीनमधलं उरलेलं पाणी त्यांनी गॅलरीतल्या तुळशीत ओतलं, खाच फडक्याने कोरडी केली, झाकण पुसलं, सगळं मूळच्या खोक्यात भरलं आणि खोकं कॉटखाली सरकवलं. मग स्वतःची बॅग भरायला घेतली. दोन शर्ट, दोन लेंगे, आईचा फोटो. त्यांनी एकदाही विचारलं नाही की जायलाच हवं का.

त्या गोष्टीला वर्ष होत आलं. मी दर रविवारी बदलापूरला जाते. त्यांची तब्येत ठीक असते. मला शाळेत गॅसचा वास येत नाही. घरी आल्यावर खोली मोठी वाटते, आणि एवढ्या लहान खोलीबद्दल असं वाटावं याचा मला राग येतो.

गेल्या आठवड्यात शाळेतल्या एका बाईंना ते मशीन हवं होतं. मी खोकं बाहेर ओढलं. पुस्तिकेच्या खाली, थर्माकोलला लागून, चाळीस पानी वही होती. माझ्याच तपासायच्या गठ्ठ्याजवळच्या कोऱ्या वह्यांमधली एक. मशीनची वही मशीनबरोबरच राहते, गिरणीत तसंच असायचं. आत पट्टीने रकाने आखले होते. दिवस, वेळ, उष्णता, दमटपणा, शेरा. अठ्ठावीस दिवस, दिवसातून सहा वेळा, एकही जागा मोकळी नाही.

शेऱ्याच्या रकान्यात सुरुवातीला काही नव्हतं. नवव्या दिवशी लिहिलं होतं, हवा कोरडी, पाणी दिले. दहाव्या दिवशी पुन्हा तेच. तेराव्या दिवशी, आकडा जास्त तर नाही ना, मुलीस विचारणे. चौदाव्या दिवशी, मुलगी दमलेली दिसते, उद्या विचारू. पंधराव्या, सोळाव्या, सतराव्या दिवशी नुसतं, विचारणे.

आणि अठराव्या दिवशी संध्याकाळच्या ओळीत, एकोणऐंशी या आकड्यापुढे, त्यांच्या सावकाश अक्षरात: मुलीने स्वतः पाहिले. काही बोलली नाही. म्हणजे बरोबर आहे.

त्यापुढच्या दहा दिवसांत शेऱ्याचा रकाना कोरा होता.

मशीन मी त्या बाईंना दिलं. वही घेऊन रविवारी बदलापूरला गेले. बाबा बाल्कनीत खुर्चीवर बसले होते. भाऊ आणि त्याची बायको बाजारात गेले होते. मी वही त्यांच्या मांडीवर उघडली, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि सांगितलं. पंचावन्नचा आकडा मला माहीत होता, पोकळी लहान आहे हे मला दिसलं होतं, पिचकारीसुद्धा दिसली होती.

त्यांनी चष्मा लावून ओळ वाचली.

"पंचावन्न?" ते म्हणाले. "पंचावन्नला धागा तुटतो."

"अंड्याला तेवढंच लागतं, बाबा."

त्यांनी दमटपणाच्या रकान्यावरून बोट खाली नेलं. मग म्हणाले, "मग बोललीस का नाय?"

सबबी मी वर्षभर तयार केल्या होत्या, त्यातली एकही दिली नाही. "तुम्ही इकडे यावं असं मला तेव्हा वाटत होतं," मी म्हटलं. "मी दमले होते."

बाबांनी वही मिटली आणि दोन्ही हातांनी मांडीवर धरून ठेवली, बसमध्ये टोपली धरली होती तशी. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"त्या दिवशी तुझं तोंड बघून," ते म्हणाले, "आई गेल्यापासून पहिल्यांदा मी निर्धास्त झोपलो होतो."